१४ वर्षांची आयटीतली नोकरी सोडून परदेशातल्या मुलांना ऑनलाइन मराठी शिकवायचं म्हणतेय, हिशेब बरोबर आहे का?

पारिजात_रावेत:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहूनच टाकते. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी पुण्यात रावेतला राहते, हिंजवडीत टेस्टिंगमध्ये १४ वर्षं झाली, त्यातली शेवटची ९ एकाच कंपनीत. आता लीड आहे, हातात महिन्याला १ लाख १५ हजार येतात. नवरा चाकणला नोकरीला, मुलगी सहावीत, सासूबाई आमच्याबरोबर असतात. घराचा हप्ता ३८ हजार, अजून ९ वर्षं आहे.

सुरुवात अशी झाली की माझी बहीण न्यू जर्सीला असते, तिची लेक ८ वर्षांची होती तेव्हा माझ्या आईशी फोनवर बोलायचीच नाही, हाय आजी म्हणून पळून जायची. आईला फार लागायचं ते. म्हणून २०२३ मध्ये मी तिला दर शनिवारी अर्धा तास मराठी शिकवायला लागले. तेव्हा ती "माझा आई" म्हणायची, टेबल ते आणि खुर्ची ती का, दोन्ही लाकडाचीच आहेत ना, असं विचारायची आणि खरंच त्याला माझ्याकडे काही उत्तर नव्हतं, मग मी शाळेत शिकवतात तसं लिंग वचन सोडूनच दिलं आणि घरातल्या ३० वस्तू घेतल्या, प्रत्येकीबरोबर "माझा माझी माझं" चिकटवूनच म्हणायचं. माझा चमचा, माझी वाटी, माझं ताट. दोन महिन्यांत बसलं. मग "चमचा"तला च आणि "चहा"तला च वेगळा हे तिचं तिलाच कळलं आणि ती तिच्या आईला शिकवायला लागली :) वर्षभराने एकदा फोनवर तिने माझ्या आईला आपणहून विचारलं "आजी, तू औषध घेतलंस का?" आई दोन दिवस सोसायटीत सगळ्यांना सांगत होती.

बहिणीच्या मैत्रिणींनी ऐकलं आणि त्यांची मुलं यायला लागली, आता ७ जण आहेत. आजपर्यंत एक रुपया घेतला नाहीये कारण सगळी घरचीच वाटतात. पण आता असं झालंय की आठवडाभर ऑफिसमध्ये बसून मी शनिवारचा पाठ मनात तयार करत असते. हे पूर्ण वेळ करायची इच्छा आहे.

माझा हिशेब असा, एका बॅचला ५ मुलं, आठवड्याला एक तास, मुलामागे तासाला १२ डॉलर. म्हणजे बॅचचे महिन्याला २४०. अशा ६ बॅच झाल्या की १४४० डॉलर, डॉलर ८५ धरला तरी १ लाख २२ हजार होतात, म्हणजे पगाराइतकेच. आणि आठवड्याला फक्त ६ तास. खर्च काय तर झूमचे पैसे (फुकटातलं ४० मिनिटांत बंद होतं), स्क्रीनवर लिहायला पेनवाली पाटी, दुसरं इंटरनेट कनेक्शन आणि इन्व्हर्टर कारण आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते. जागा नाही, माल नाही, माणसं नाहीत.

नोटीस पीरियड ९० दिवसांचा आहे. नवरा म्हणतो कर, आपण बघू. सासूबाई काही बोलत नाहीत पण त्यांना काळजी वाटते हे दिसतं. पुढच्या महिन्यात राजीनामा द्यावा असं मनात आहे. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी प्लीज सांगा, कुठे चुकतेय का? आणि जीएसटी वगैरेचं काय?

.....

आगळ_आणि_आमसूल:

ताई, पोस्ट वाचून राहवलं नाही. मी २०१९ ला पुण्यातली नोकरी सोडून चिपळूणला घरी परत आलो आणि कोकम आगळ, आमसुलं, कुळीथ पीठ, फणसपोळी असं ऑनलाइन विकायला सुरुवात केली. माझाही हिशेब वहीत एकदम बरोबर बसला होता. कुठे बसला नाही ते सांगतो.

पहिलं म्हणजे कुरिअर. आगळाच्या दोन बाटल्या, वजन सगळं धरून सव्वा किलो, मी सव्वा किलोचे पैसे धरून भाव लावलेला. पण बाटली फुटू नये म्हणून ३० बाय २० बाय २० सेंटीमीटरचा खोका लागतो आणि कुरिअरवाले लांबी रुंदी उंची गुणून ५००० ने भागतात, म्हणजे २ किलो ४०० ग्रॅम, आणि दोन्हीतलं जे जास्त त्याचे पैसे घेतात. पहिले चार महिने प्रत्येक ऑर्डरमागे माझ्या खिशातून जात होते आणि मला वाटत होतं धंदा वाढतोय. कॅश ऑन डिलिव्हरीचं तर विचारूच नका, माणूस दार उघडत नाही, पार्सल परत येतं, जायचे पण पैसे आपले आणि यायचे पण आपलेच.

तुमच्याकडे हे काही नाही, माल नाही हे फार मोठं आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आलं तेव्हा माझा त्या वर्षीचा सगळा सीझनचा माल बाजारपेठेतल्या भाड्याच्या गाळ्यात होता. रात्री लाइट गेली, पहाटे पाणी वाढायला लागलं, गाळ्यापर्यंत जाताच आलं नाही. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तर चिखलात बरण्या, लेबलं सुटलेली, आमसुलांच्या पिशव्या फुगलेल्या. माझ्या आईने आणि वाडीतल्या बायकांनी उन्हात वाळवलेली सोलं होती ती, सात सात वेळा रसात बुडवून वाळवलेली. ते बघवत नव्हतं. २०२२ ला मी परत नोकरी धरली, आता रत्नागिरीतून रिमोट करतो आणि धंदा बायको बघते, फक्त ऑर्डर घेऊनच माल भरतो, आणि तो आता व्यवस्थित चाललाय.

सांगायचं ते हे की तुमचा जो खर्च वहीत नाही तो माल नाही, तो तुमचा वेळ आहे. मी घरी बसून काम करायला लागल्यावर घरचे, शेजारचे, मामा काका सगळ्यांना वाटायला लागलं हा मोकळा आहे. गॅसवाला येणार आहे तू आहेस ना, आत्याला स्टँडवर सोडून ये, बँकेत पासबुक भरून आण. कोणी वाईट नव्हतं हो, पण दिवस जायचा. पुरुष असून माझं हे झालं, तुमच्यावर तर सासूबाईंचं औषधपाणी, मुलीची शाळा, सगळं आपोआप येणार. आजच घरच्यांशी बसून ठरवा की अमुक ते अमुक दार बंद. आणि ६ तास नाहीत ते, एका तासामागे तयारी, पालकांचे मेसेज, चुकलेला तास भरून देणं धरलं तर अडीच तरी होतात.

.....

मेलबर्नची_आई:

पारिजात, मी तुझी ग्राहक आहे असं समजून लिहिते :) मेलबर्नला ११ वर्षं, मुलं ७ आणि १०.

तू सगळी न्यू जर्सीची मुलं धरून हिशेब केला आहेस आणि तिथेच गडबड आहे. तिकडची मुलं आठवड्यात शाळेतून येऊन संध्याकाळी ६ ला मोकळी होतात तेव्हा तुझ्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार असतात. म्हणजे राहिला शनिवार रविवार. त्यांची सकाळ ९ ते १२ म्हणजे तुझी संध्याकाळ साडेसहा ते साडेनऊ, हिवाळ्यात साडेसात ते साडेदहा. दिवसाला तीन, दोन दिवसांत सहा, तुझ्या सहा बॅच बरोबर बसतात, पण मग तुझी एकही शनिवार रविवारची संध्याकाळ उरत नाही. तुझी मुलगी सहावीत आहे. लग्नं, मुंजी, बारशी, हळदीकुंकू, सगळं त्याच दोन दिवसांत. गणपतीत काय करशील? वर्षभर हे चालेल का याचा विचार कर, एक दोन महिने कोणीही काढतं.

आता आमच्याकडे बघ. मेलबर्न सिडनीला मुलं साडेतीनला शाळेतून येतात, ५ वाजता तास ठेवला तर तुझ्याकडे दुपारचे साडेबारा, आणि ऑक्टोबर ते एप्रिल आमची घड्याळं पुढे असतात तेव्हा साडेअकरा. सोमवार ते शुक्रवार! मुलगी शाळेत, नवरा ऑफिसला. सिंगापूरचे ५ म्हणजे तुझे अडीच. दुबईचे ४ म्हणजे तुझे साडेपाच. कॅलिफोर्नियाची संध्याकाळ ६ म्हणजे तुझी दुसऱ्या दिवशी सकाळ साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. म्हणजे खरं तर कॅलिफोर्नियाची एक बॅच तू नोकरी करतानाच घेऊ शकतेस, ऑफिसला निघायच्या आधी. फक्त त्यांचा सोमवार म्हणजे तुझा मंगळवार हे प्रत्येक मेसेजमध्ये लिहायचं, नाहीतर गोंधळ ठरलेला.

घड्याळं बदलायच्या तारखा पण वेगळ्या, अमेरिकेत मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला, इंग्लंडमध्ये मार्च आणि ऑक्टोबरचा शेवटचा, आमच्याकडे एप्रिल आणि ऑक्टोबरचा पहिला आणि ते सुद्धा उलट्या दिशेने, आणि ब्रिस्बेनला बदलतच नाही. आमच्या आधीच्या बाईंचे दोन तास ह्यातच बुडाले होते, मुलं स्क्रीनसमोर बसून राहिली, माझा धाकटा रडला. आधीच्या आठवड्यात एक मेसेज टाकला असता तर झालं असतं.

आणि पालकांना काय पाहिजे ते सांगते. व्याकरण नकोय. इथे शनिवारची मराठी शाळा आहे, मंडळातले लोक स्वतःचा वेळ देऊन चालवतात, बाराखडी तिथे होते, अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळा आहेत त्यांचा अभ्यासक्रम पण आहे. त्यांच्याशी स्पर्धा करू नकोस, ते चांगलं काम करतात आणि फी नाममात्र असते. पण वर्गात १५ मुलं असली की बोलणं होत नाही. मला पाहिजे ते तू वर लिहिलंच आहेस, औषध घेतलंस का आजी. माझा मोठा सगळं समजतो पण उत्तर इंग्रजीत देतो. त्याच्या तोंडून मराठी वाक्य काढणारी बाई मला पाहिजे. पाच मुलांची बॅच, बोलायचीच. त्यासाठी मी तासाला २० डॉलर, आमचे ऑस्ट्रेलियन, आनंदाने देईन, पियानोला याहून जास्त देते.

एक वाईट बातमी पण. मुलं गळतात. शाळेचं नवीन वर्ष सुरू झालं, सॉकर सुरू झालं, पोहणं सुरू झालं की पहिलं मराठी सुटतं. अमेरिकेत जून ते ऑगस्ट सुट्टी, अर्धी मुलं भारतात येतात. आमच्याकडे डिसेंबर जानेवारी. तेव्हा १२ महिन्यांचा हिशेब करूच नकोस, ९ चा कर, आणि फी दहा तासांची एकदम आधी घे. आधी पैसे दिले की आई बाप पण मुलाला ओढून बसवतात, माझंच उदाहरण आहे.

.....

विचार_करून:

मी एकच सांगेन. फुकट शिकणारी ७ मुलं म्हणजे ७ ग्राहक नाहीत. मी चित्रकलेचे क्लास लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन सुरू केले, २६ मुलं होती, नोकरी सोडली, शाळा उघडल्या आणि ६ राहिली. परत नोकरी शोधायला ५ महिने लागले आणि ते ५ महिने मी विसरू शकत नाही, घरात कोणी काही बोलत नव्हतं पण रोज रात्री हिशेब घालून बसायचो. राजीनामा देऊ नका. आधी फी सांगा, कोण राहतं ते बघा.

.....

मेलबर्नची_आई:

@विचार_करून फी सांगायच्या बाबतीत १०० टक्के सहमत. पण लॉकडाऊनमध्ये मुलं घरात होती म्हणून क्लासला होती, शाळा उघडल्यावर गावातच चित्रकलेचा क्लास मिळाला. इथे आमच्या मुलांना मराठी बोलायला गावात कोणी नाहीये, ती गरज शाळा उघडून संपत नाही. तुमचं झालं ते वाचून वाईट वाटलं, पण गोष्ट थोडी वेगळी आहे.

.....

रोजमेळ:

मी सीए आहे, हौसेने इथे वाचत असतो. जीएसटी विचारलाय म्हणून सांगतो, बाकीचंही थोडं.

तुम्ही देताय ती सेवा आहे, माल नाही, हा फरक मोठा आहे. वरच्या चिपळूणच्या भाऊंना राज्याबाहेर माल पाठवायचा तर उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. सेवेला २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, राज्याबाहेर किंवा देशाबाहेर दिली तरी. तुमचा आकडा वर्षाला १४ ते १५ लाख होतोय, म्हणजे सध्या गरज नाही. २० लाखांकडे जायला लागलात की नोंदणी करायची, आणि एलयूटी नावाचं एक हमीपत्र दरवर्षी ऑनलाइन भरायचं, म्हणजे परदेशातल्या फीवर कर न लावता बिल करता येतं, कारण ती सेवेची निर्यात धरतात. पण निर्यात धरायची तर पैसे परकीय चलनात आले पाहिजेत. तुम्हाला पालक हमखास म्हणतील की ताई, पुण्यातले आजोबा गूगल पे करून टाकतील. आज त्याने बिघडत नाही, पण पुढे नोंदणी केल्यावर ते रुपयातले पैसे निर्यातीत दाखवताना अडचण येते. पहिल्या दिवसापासून सवय लावा की फी तिकडूनच येईल. आलेल्या प्रत्येक रकमेचा बँकेचा दाखला, म्हणजे परकीय चलन आल्याचं पत्र, काढून एका फोल्डरमध्ये ठेवा. आणि पेपलने घेणार असाल तर ४ टक्क्यांच्या वर फी जाते, शिवाय रुपयात बदलताना वेगळं कापतात. १४४० डॉलर धरून केलेल्या हिशेबात हे कुठेच दिसलं नाही. दहा तासांची फी एकदम घेतली तर बँकेतून थेट पाठवणं पालकांना परवडतं.

इन्कम टॅक्स: करमोजणीच्या नवीन पद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर येत नाही, पण पगारदारांना मिळणारी ७५ हजारांची वजावट धंद्याच्या उत्पन्नाला मिळत नाही. आणि आता टीडीएस कापून कंपनी भरणार नाही, अॅडव्हान्स टॅक्स तुम्हाला स्वतः भरायचाय, जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च, प्रत्येकी १५ तारखेच्या आत. ज्या वर्षी नोकरी सोडाल त्या वर्षी अर्धा पगार अर्धा धंदा असं असेल, ते रिटर्न स्वतः भरू नका. प्रोफेशन टॅक्स पण स्वतःच्या नावाने काढावा लागतो, वर्षाला २५०० रुपये. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, फुकट आहे, सरकारी साइटवर आधार पॅन टाकून दहा मिनिटांत होते, पैसे मागणाऱ्या साइट दिसतील त्या सरकारी नाहीत. गुमास्ता, म्हणजे दुकान-आस्थापनेची नोंद, तुमच्याकडे कामाला माणसं नाहीत म्हणून फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. हे दोन कागद असले की बँकेत करंट खातं उघडायला त्रास होत नाही. आणि घरखात्यात फी घेऊ नका, वर्षाअखेरीला भाजीचे पैसे कुठले आणि फी कुठली हे शोधताना माझ्यासारख्याचा जीव जातो.

आता नोकरीची बाजू. ९ वर्षं झालीत म्हणजे ग्रॅच्युइटी मिळेल. ग्रॅच्युइटीला धरतात तो शेवटचा महिन्याचा पगार गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. समजा तो ५२ हजार असेल तर वर्षाला ३० हजार, ९ वर्षांचे २ लाख ७० हजार. सोडताना हे पैसे वेगळे ठेवा, त्यातून फर्निचर करू नका. गृहकर्जाचं काही करायचं असेल, टॉप अप किंवा दुसऱ्या बँकेत नेणं, ते पगाराच्या स्लिपा हातात आहेत तोवर करा, नंतर बँक दोन तीन वर्षांचे धंद्याचे रिटर्न मागते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मेडिक्लेम. सासूबाई तुमच्या कंपनीच्या पॉलिसीत आहेत का? असतील तर शेवटच्या दिवशी ते संपतं. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते, राजीनामा द्यायच्या आधी एचआरकडून त्याची माहिती घ्या, प्रतीक्षा काळातली आधीची वर्षं धरली जातात का तेही विचारा. नवी पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांना ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. नवी पॉलिसी घ्यायला वयाची ६५ ची अट आता नाही आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक मेडिक्लेमवर जीएसटी पण नाही, तेवढा दिलासा आहे, तरी प्रीमियम बराच येईल. तो आकडा काढल्याशिवाय राजीनाम्याची तारीख ठरवू नका, ही कळकळीची विनंती. माझ्या स्वतःच्या वडिलांच्या बाबतीत दोन महिन्यांची फट राहिली होती आणि नेमकं त्यातच ऍडमिट करावं लागलं.

अजून एक, फी घेऊन शिकवायला लागलात आणि नोकरीही चालू असेल तर आधी ऑफर लेटर काढून वाचा. २०२२ मध्ये दुहेरी नोकरीवरून किती गदारोळ झाला आठवत असेल, एका मोठ्या कंपनीने ३०० जणांना काढलं होतं. ते लोक स्पर्धक कंपन्यांत काम करत होते, लहान मुलांना मराठी शिकवणं तसं नाही, बहुतेक ठिकाणी परवानगी मिळते, पण लेखी घ्या. तोंडी नको.

.....

शुद्धलेखन_वही:

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, ३१ वर्षं पहिली दुसरीला शिकवलं. पारिजात बाळा, "माझा चमचा माझी वाटी माझं ताट" हे वाचून फार बरं वाटलं. तुला ते कोणी शिकवलं नाही आणि तुझं तुला सुचलं, म्हणजे तुला शिकवता येतं. नियम सांगून लिंग येत नाही, कानाला सवय लागूनच येतं, आपल्या घरातली मुलं तरी कुठे नियम शिकतात.

दोन सूचना. बालभारतीची पुस्तकं साइटवर वाचायला मिळतात, मुलांना दाखव, वाचून घे, पण त्याची पानं कापून आपल्या नावाच्या वहीत घालून विकू नकोस, हक्क त्यांचे आहेत. तू स्वतः लिहिलेले पाठ फार चांगले होतील कारण तुझ्या मुलांच्या घरात डिशवॉशर आहे आणि अंगणात बर्फ आहे, "आजोबा शेतात गेले"ने त्यांना काही कळत नाही. माझा नातू टोरांटोला आहे, त्याला "चिखल" शब्द शिकवता येईना पण "बर्फ वितळला" लगेच आला. दुसरं, मुलांचे तास रेकॉर्ड करत असशील तर पालकांची लेखी परवानगी घे आणि जाहिरातीत मुलांचे चेहरे टाकू नकोस.

आणि "ळ" ची घाई करू नकोस. जीभ वळवून टाळूला लावायला वेळ लागतो, सात आठ महिने "बाल" "फल" ऐकावं लागेल. काळा, गोळा, पोळी, केळं, नुसतं खेळात म्हणून घ्यायचं. एक दिवस आपोआप येतो.

.....

पारिजात_रावेत:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. दोनदा वाचलं, नवऱ्याला पण वाचायला दिलं, काल रात्री एक वाजेपर्यंत आम्ही दोघं वही घेऊन बसलो होतो.

मेलबर्नची आई म्हणते ते खरंच माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी आजवर फक्त शनिवारीच शिकवलंय त्यामुळे सगळं शनिवार रविवारीच बसवत होते. लेकीला विचारलं, ती म्हणाली रविवार संध्याकाळ नको आई, आपण खाली बॅडमिंटन खेळतो ना. तेव्हा रविवार नाही हे ठरलं.

सासूबाई माझ्याच पॉलिसीत आहेत, ७१ वय, शुगर आणि बीपी. आज एचआरला मेल केला, आणि त्याच मेलमध्ये शिकवण्याची परवानगी पण मागितली. सासूबाईंशी बोलले, त्यांची काळजी पॉलिसीची नव्हतीच, त्यांना वाटत होतं की मी दिवसभर घरी असणार म्हणजे त्यांनी दुपारी टीव्ही लावायचा नाही की काय. त्यांच्या खोलीत टीव्ही हलवतोय या रविवारी.

@आगळ_आणि_आमसूल दादा, तुमचं पुराचं वाचून डोळ्यात पाणी आलं. तुमच्या आईंना नमस्कार सांगा. आगळाच्या चार बाटल्या पाहिजेत, कशा मागवायच्या ते कळवा, पैसे आधी पाठवते.

राजीनामा पुढच्या महिन्यात नाही देत. ९ महिने धरून हिशेब परत केला, पेपलचे वजा केले, प्रीमियम अंदाजाने धरला, तर महिन्याला साधारण ८० हजार पडतात, १ लाख २२ नाही. त्यात हप्ता आणि घर चालतं, नवऱ्याचा पगार आहे, पण बाजूला काही पडत नाही. म्हणून आधी परवानगी आली की कॅलिफोर्नियाची सकाळची एक बॅच, मंगळवार साडेसहा, आणि न्यू जर्सीच्या ७ जणांची शनिवारीच फी लावून दोन बॅच. बहिणीच्या लेकीला फी नाही, बाकी सहा जणांच्या आयांना काल मेसेज लिहिला, चार वेळा खोडला, शेवटी पाठवला. दहा तासांचे १२० डॉलर, सप्टेंबरपासून.

सकाळी उठून बघितलं तर चौघींचं हो आलंय, एक म्हणाली नवऱ्याला विचारून सांगते, आणि एकीने लिहिलंय की आम्हाला वाटलंच होतं तू कधी मागणार, धाकट्याला पण घेशील का, तो साडेचार वर्षांचा आहे.

साडेचारच्या मुलाला स्क्रीनवर तासभर कसं बसवतात कोणी सांगेल का? शुद्धलेखन वहीवाल्या बाई, तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

.....

शुद्धलेखन_वही:

तासभर नाही बसवायचं बाळा, २० मिनिटं. आणि आईला शेजारी बसव. त्याला सांग घरातून एक लाल वस्तू घेऊन ये, पळत जाऊन आणेल, मग "माझा, माझी की माझं" ते त्यालाच विचार. व्यनिला उत्तर संध्याकाळी देते, आत्ता वाळवण गच्चीवर आहे.